एक प्रश्न मागे

सूनबाईचं काम चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. मोबाइलवरून औषधं मागवण्याचं एक अ‍ॅप होतं, आणि ते रडतखडत चालणाऱ्या नेटवर कसं वागतं, उशिरा आलेलं उत्तर भलत्याच प्रश्नाला तर लावत नाही ना, हे ती तपासायची. त्यासाठी आधी चांगलं चाललेलं नेट मुद्दाम बिघडवावं लागे. तिचा नवरा कुणी विचारलं की गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "आमच्याकडे नेट बंद पडत नाही, पाडलं जातं. पगारी आहे ते."

एरवी ती फक्त आपल्या कामाच्या फोनपुरतंच नेट हळू करायची. घरातल्या बाकीच्यांना त्याचा पत्ताही लागत नसे. पण त्या सकाळी फोनमधली ती सोय काही केल्या चालेना. म्हणून तिने सरळ राउटरलाच लगाम घातला. आता घरातून निघणारा प्रत्येक शब्द आणि घरात येणारा प्रत्येक शब्द वाटेत बराच वेळ बसून मग पुढे जाणार होता. थोड्या वेळात परत पूर्ववत करू, असं तिने मनाशी ठरवलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला आणि ती गॅलरीत गेली. साहेबांचा फोन म्हणजे कपडे वाळून घडी करून होतात, तरी संपत नाही.

नेमक्या त्याच वेळी काकांनी आप्पांना व्हिडिओ कॉल केला.

आप्पा म्हणजे सूनबाईचे सासरे आणि काका हे त्यांचे धाकटे भाऊ. दोघांचं वाकडं होतं. कारण बुद्धिबळाचं. हात लावलेलं प्यादं हलवायलाच हवं की नको, यावरून एक डाव अर्धवट मोडला होता, आणि त्यानंतर दोघे फक्त तब्येतीपुरतं बोलत. काका दूरच्या गावी एकटे राहत. आता त्यांची इमारत पाडायची ठरली होती. घर रिकामं करायचं होतं आणि दुसरं घर नव्हतं. एका वृद्धाश्रमात चौकशी करून आलेत, असं कानावर आलं होतं. ते ऐकल्यापासून आप्पांचं जेवण कमी झालं होतं. मात्र त्याचं खापर ते भाजीवर फोडत.

कॉल चालू असताना आप्पांच्या शेजारी एकच माणूस होतं, ते म्हणजे सासूबाई. पण सासूबाईंचं सकाळी मौन असे. दुपारच्या जेवणापर्यंत त्या बोलत नसत. जे काय म्हणायचं ते देवाशी, आणि तेही मनात. त्यामुळे नवऱ्याचं उत्तर कानावर पडताच त्यांनी कपाळाला हात लावला, डोळे वटारले, दोन्ही हात हलवून दाराकडून आतल्या खोलीकडे ओढल्यासारख्या खुणा केल्या. आप्पांना वाटलं, पंखा कमी करायला सांगताहेत. त्यांनी उठून पंखा कमी केला.

जेवायला बसताना मौन सुटलं. पहिल्या घासाआधी सासूबाईंनी विचारलं, "सख्ख्या भावाला कुणी असं तोंडावर नाही म्हणतं का?"

"स्पष्ट सांगितलं त्याला," आप्पा ताटाकडे बघत म्हणाले. "इथे येऊन राहू का म्हणाला. मी म्हटलं, नाही. पुन्हा वाद, पुन्हा रुसवे. कुणी सांगितलंय?" त्यांच्या आवाजात विजय असायला हवा होता. तो काही नव्हता.

सासूबाई पुढे काय बोलल्या ते सांगण्यात अर्थ नाही. अर्ध्या दिवसाची शिल्लक त्यांच्यापाशी होती, आणि ती त्यांनी हळू, गोड आवाजात, पूर्ण खर्च केली.

इतक्यात सूनबाईच्या फोनवर काकांचा निरोप आला. तो तिने वाचला, मग मोठ्याने वाचला. "शेवटी दादा हो म्हणाला. माझं मोठं ओझं उतरलं. गुरुवारच्या बसने येतो. घ्यायला कोण येणार ते तुला विचार म्हणाला, त्रास देतोय."

आप्पांचा घास हातातच राहिला. "मी हो म्हटलंच नाही," ते म्हणाले. "हिला विचार. ही शेजारीच होती."

सासूबाईंनी मान डोलावली. नाही म्हणालेलं त्यांनी कानांनी ऐकलं होतं, आणि त्याच गुन्ह्याची शिक्षा नुकतीच ठोठावलीही होती.

तेव्हा कुठे सूनबाईला राउटर आठवला. ती जेवणावरून उठली, लगाम काढून परत आली, आणि नक्की काय काय बोलणं झालं ते तिने आप्पांकडून वदवून घेतलं. मग तिच्या सगळं ध्यानात आलं. काकांचा प्रश्न इकडे उशिरा पोचत होता आणि आप्पांचं उत्तर तिकडे उशिरा. तोवर काका पुढचा प्रश्न विचारून मोकळे होत. आप्पांची सगळी उत्तरं एकेक प्रश्न मागे पडत गेली होती.

काकांनी सुरुवातीला विचारलं होतं, आवाज येतोय का. आप्पा म्हणाले, हो हो, त्यात विचारायचं काय. ते तिकडे पोचलं तेव्हा काका नुकतेच विचारून थांबले होते, दादा, तुझ्याकडे राहायला येऊ का. या खऱ्या प्रश्नाला आप्पांनी नाही म्हटलं. ते पोचलं, तोवर काका विचारत होते, तुला काही अडचण? अडचणीला आप्पांचं उत्तर होतं, आहे, चांगली मोठी आहे. तिकडे तेव्हा मागच्या खोलीची चौकशी चालली होती. आणि खोली मिळेल का, याला आप्पा म्हणाले होते, ते सूनबाईला विचार. ती तिथे बसून काम करते. काका तेव्हा बसस्टँडवर घ्यायला कोण येणार असं विचारत होते; ते सूनबाईला विचारायचं, एवढंच त्यांना कळलं. तो प्रश्न इकडे पोचायच्या आत आप्पांनी कॉल बंद केला होता.

"माझी चूक आहे, आप्पा," सूनबाई म्हणाली. "नेट मी हळू केलं होतं. तुम्ही आत्ता फोन करून त्यांना खरं काय ते सांगा. अजून त्यांनी सामान बांधलं नसेल."

आप्पांनी फोन हातात घेतला. चष्मा लावला. पुसला. परत लावला.

"नेट अजून हळूच आहे," ते म्हणाले.

"नाही आप्पा, पूर्ववत केलंय मी."

"तुला दिसत नसेल. मला जाणवतंय." त्यांनी फोन पालथा ठेवला. "अशा नेटवर बोललं तर आणखी घोळ व्हायचा. नीट होऊ दे, मग बघू. आणि तोवर त्याला यातलं काही सांगू नकोस. बिचारा खूश आहे."

गुरुवारपर्यंत नेट काही आप्पांच्या मनासारखं झालं नाही. सूनबाई रोज विचारायची, आप्पा रोज नकारार्थी मान हलवायचे. एकीकडे त्यांनी मागच्या खोलीच्या खिडकीची कडी दुरुस्त केली. सूनबाईचं टेबल आप्पांच्याच सांगण्यावरून जेवणाच्या खोलीत आलं. हे सगळं पाहुणे आले तरची तयारी आहे, यायला हवेत असं नाही, असं ते दोनदा म्हणाले. सासूबाई तेव्हा मौनात होत्या. त्या नुसत्या हसल्या.

बसस्टँडवर काका एक बॅग आणि एक कुंडी घेऊन उतरले. खोटेपणाचं ओझं सूनबाईला सोसवेना. रिक्षात बसल्याबसल्या तिने आप्पांना दिलेला शब्द मोडला आणि सगळं सांगून टाकलं. काका कुंडीतल्या रोपाची पानं सारखी करत शांतपणे ऐकत होते.

"ते मला पहिल्याच उत्तराला कळलं होतं," ते म्हणाले. "येऊ का विचारल्या विचारल्या दादा हो म्हणाला. असा पटकन हो म्हणणारा माणूस तो नव्हे. म्हटलं, हे उत्तर मागचं दिसतंय."

"मग?"

"मग काय. खरं उत्तर नाही असणार, हे मला पाठच होतं. ते येऊन पोचायच्या आत असं काहीतरी विचारलं, की त्याला नाही हेच उत्तर शोभेल. पुढचं सगळं आपोआप होत गेलं, मी काही केलं नाही." मग कुंडी मांडीवर नीट घेत म्हणाले, "त्या आश्रमात खिडकीतून भिंत दिसते गं. त्याला सांगू नकोस हे. मी फसलो असंच वाटू दे त्याला."

सूनबाईने मान डोलावली. आता दोघांनी दोन्हीकडून तिचं तोंड बंद केलं होतं, म्हणजे घरात मौन पाळणारी माणसं दोन झाली.

दार आप्पांनीच उघडलं. धुतलेला सदरा, विंचरलेले केस. काका उंबऱ्याबाहेर उभे राहिले. रिक्षातला धीटपणा जिन्यात कुठेतरी गळून पडला होता.

"येऊ ना, दादा?" त्यांनी विचारलं.

दोघांच्या मध्ये ना राउटर होता ना लगाम. तरीही आप्पांचं उत्तर निघेना. काका एकदा बॅगेकडे आणि एकदा जिन्याकडे बघू लागले.

"की जाऊ परत?" ते हळूच म्हणाले.

"हो," आप्पा म्हणाले.

काकांचा चेहरा उतरला. आप्पांचा त्याहून जास्त. आत सासूबाई तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या.

सूनबाईने बॅग उचलली आणि आत मागच्या खोलीत नेऊन ठेवली. कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं हे ओळखायचाच तर तिला पगार मिळत होता.