आतल्या चुलीचं आवतण

आमचे नागनाथ सर कुणाच्याही घरी गेले की दारात थांबत नाहीत. घरचे ‘या, बसा’ म्हणेपर्यंत ते माजघर ओलांडून परसात पोचलेले असतात. वाटेत जो भेटेल त्याला नमस्कार. एकदा तर न्हाणीघराच्या बंद दाराला हात जोडून म्हणाले, "आंघोळ चालू द्या, नुसता रामराम घालायला आलतो."

येरमाळ्याला हायवेलगत, पंक्चरच्या दुकानावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास आहे. मी तिथंच टायपिंग शिकवतो, त्यामुळं मधल्या पत्र्यापलीकडून त्यांचं सगळं प्रोग्रॅमिंग मला फुकटात ऐकू येतं. कळतं किती, ते विचारू नका. एकदा एका पोरीला सगळ्यांच्या मार्कांत पाच-पाच मिळवायचे होते. तिच्या ॲरेत, म्हणजे मार्कांच्या यादीत, काही कप्प्यांत सुटे मार्क होते, तर काही कप्प्यांत अख्खा दुसरा ॲरे. हे काम करायला तिनं लिहिलेलं फंक्शन आतल्या ॲरेलाच आकडा समजून त्यात पाच मिळवायला गेलं आणि कॉम्प्युटरनं हात टेकले.

"अगं, त्यो आकडा न्हाय, घर हाय घर!" सर ओरडले. "आत शिर. माणूस भेटला की काम कर. आणखी घर लागलं की तिथंबी ह्येच. फंक्शननं सोतालाच हाक मारायची. त्यात लाजायचं काय?"

याला रिकर्जन म्हणतात म्हणे. सरांना त्याचं वेडच. मुलगी सगुणा पास झाली तेव्हा पेढे वाटत वाटत हे गृहस्थ उभ्या एसटीत शिरले आणि आईच्या पदराआड झोपलेल्या तान्ह्याच्या मुठीतही एक पेढा कोंबून आले.

गेल्या उन्हाळ्यात याच सगुणाचं लग्न ठरलं. आमच्याकडं जवळच्या घरांना चूलबंद आवतण देतात. म्हणजे त्या दिवशी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मांडवातच जेवायचं. ही आवतणं द्यायला सरांच्या गावात आम्ही दोघं फिरलो; मोटारसायकल माझी, घाई माझी आणि सर आपले निवांत. घरात भाऊ वेगळे झालेले असले तर प्रत्येकाच्या चुलीपाशी जाऊन वेगळं आवतण. उन्हानं माझं डोकं तापलं.

"सर, थोरल्याला सांगितलं की धाकट्याला कळतंच की!"

"कळतं," ते म्हणाले, "पण येता येत न्हाय."

शेवटच्या घरी दोघा भावांना सांगून झालं. मी गाडी चालू केली. सर मात्र गोठ्यामागं निघाले. तिथं पत्र्याच्या खोपटात त्या भावांची विधवा चुलती, यमुनाकाकू, एकटीच रांधून खायची. ती भाकरी थापत होती.

"काकू, सगुणाचं लगीन हाय. तुमाला चूलबंद आवतण."

तिचे पिठाचे हात तसेच राहिले. "मला? येगळं?"

"व्हय, येगळं."

परतताना सर मागच्या सीटवरून बोलू लागले.

"आमीबी असंच चुलत्याच्या घरामागं राहायचो. म्या अन् आई. एका लग्नाचं चूलबंद आवतण चुलत्याला आलं. आईला वाटलं, त्यात आमीबी आलो. तिनं चूल पेटवली न्हाय. मला आंघोळ घातली, धुतलेलं लुगडं नेसली अन् बसून राहिली. समदे गेले. आमाला कुणी चला म्हनलं न्हाय. मग चूल पेटवावी, तर धूर गावाला दिसल, बोलावलं न्हाय म्हणून कळल. तशीच उपाशी निजली."

मी गाडी हळू केली.

लग्नाच्या दिवशी मानपानाच्या वेळी व्याही खोळंबले आणि वधूपिता सापडेना. मी शोधत जेवणाच्या मांडवात गेलो. यमुनाकाकू ठेवणीतलं लुगडं नेसून पंगतीत बसली होती. फेटा बांधलेले सर तिच्यासमोर उकिडवे बसून स्वतः तिला तूप वाढत होते. "सावकाश जेवा," म्हणत होते.

मी तसाच मागं फिरलो आणि व्याह्यांना सांगितलं, सर कामात आहेत, थोडं थांबा.