पुरलेलं मटण

आमच्याकडचं मटण एकदा खाल्लं की माणूस बाकीची सगळी मटणं विसरतो, असं काका छातीवर हात ठेवून सांगत. काकूंना हे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकावं लागलं होतं. काकांनी आपला मुलूख ऐन विशीत सोडला, त्यानंतर ते तिकडे फिरकलेसुद्धा नाहीत. पण तिथलं पाणी, तिथली हवा, फार काय तिथले दगडधोंडेही सतत त्यांच्या तोंडात असायचे. एवढं सगळं छान होतं तर सोडलंत कशाला, असं काकूंनी एकदाच विचारलं होतं. त्यावर काका दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि ते दोन दिवस काकूंच्या संसारातले सर्वांत सुखाचे होते.

काकूंचं माहेर नदीपलीकडच्या मुलखातलं. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, मागे एकदा जेवायला आले असताना काकांनी त्यांना ताटावरच सुनावलं होतं की तुमच्याकडे रस्सा म्हणजे नुसतं रंगीत पाणी. दादा हात धुऊन उठले ते गेलेच. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी या घराची पायरी चढली नाही. काकूंनी फोन केले, रडून पाहिलं, शेवटी वहिनींना मध्ये घातलं, तेव्हा कुठे दादा एका रविवारी संध्याकाळी यायला कबूल झाले. भावाने आपल्या घरी पोटभर जेवावं आणि हसत जावं, एवढंच काकूंना हवं होतं. म्हणून चारचौघांसारखा साधा स्वयंपाक करायचा त्यांचा बेत होता.

“साधा?” काका म्हणाले. “अगं, त्यांना मी मातीत पुरलेलं मटण खायला घालणार आहे. रस्सा कशाला म्हणतात ते कळू दे एकदा.”

काकांच्या मुलखात म्हणे पूर्वी मटणाचं भांडं कणकेने बंद करून खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर ठेवत, वरून माती लोटत आणि दिवसभर तसंच मुरू देत. काकांनी ते लहानपणी खाल्लं होतं की नुसतंच ऐकलं होतं, हे काकूंना आजवर कळलेलं नाही. घर तळमजल्यावरचं. मागे सोसायटीची हिरवळ, माळ्याने पोटच्या पोरासारखी वाढवलेली. रविवारी सकाळी माळी यायच्या आत काकांनी तिच्यात खड्डा खणला, भांडं पुरलं आणि वर हिरवळीचा तुकडा जसाच्या तसा बसवला.

काकू म्हणाल्या, एखादी काठी रोवून ठेवा खुणेला. काकांनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की विचारू नका. काका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “उभा जन्म मोजणीत गेला माझा. मला काठी लागते?”

त्यांनी कोपऱ्यातल्या बाकापासून सरळ भिंतीकडे, मग किंचित उजवीकडे, असं माप घेऊन डोक्यात पक्कं केलं. कुणाला पत्ता लागणार नाही, म्हणाले. आणि खरोखरच कुणाला लागला नाही, त्यांना स्वतःलाही. कारण दुपारी माळी आला आणि म्हाताऱ्यांना ऊन लागतं म्हणून त्याने तो बाक उचलून पार दुसऱ्या टोकाला, झाडाखाली नेऊन ठेवला.

संध्याकाळी वहिनींना घेऊन दादा आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात मिठाईचा पुडा. काकांनी त्यांना घरात बसूही दिलं नाही, थेट हिरवळीवर नेलं आणि आपल्या थोर परंपरेवर छोटंसं भाषण ठोकून फावडं मारलं. माती निघाली. आणखी मारलं. गांडुळं निघाली.

“अहो, तो बाक सकाळी इथे नव्हता,” काकू म्हणाल्या.

“तू मध्ये बोलू नकोस. माप चुकेल माझं.”

दादांनी बराच वेळ मजा पाहिली. मग त्यांच्यातला नदीपलीकडचा माणूस जागा झाला. आमच्याकडे असं वेड्यासारखं खणत नाहीत, ते म्हणाले, आमच्याकडे जमिनीला हात लावून सांगतात. एवढं बोलून ते पांढऱ्या पँटसकट गुडघ्यांवर बसले आणि जमीन चाचपू लागले. हा माणूस आपल्या पुढे जाणार, हे पाहून काकाही बसले. दिवसभर ऊन खाऊन सगळीच जमीन कोमट झाली होती. दादांना कोमट लागलं की तिथे एक खड्डा, काकांना लागलं की दुसरा. काकूंनी बाकाचा विषय पुन्हा काढला, तर या वेळी दोघांनी मिळून त्यांना गप्प केलं.

शेवटी दादांचं फावडं लागलं ते पाण्याच्या पाइपला.

कारंजं उडालं. सगळ्या इमारतीचं पाणी गेलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सोसायटीच्या सेक्रेटरींनी साबणाने भरलेलं तोंड बाहेर काढून काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आरडाओरडा ऐकून धावत आलेला माळी तर भिंतीला टेकून मटकन खालीच बसला. पाणी उतारावरून पसरत बाकाच्या जुन्या जागेपाशी पोचलं आणि तिथल्या जमिनीतून फुस्स करून वाफ निघाली.

भांडं सापडलं. कणीक विरघळून झाकण सुटलं होतं. मटण अर्धंमुर्धं कच्चं होतं, चिखल मात्र छान शिजला होता.

काकूंना वाटलं, आता दादा हात धुऊन निघून जाणार, आणि आज तर हात धुवायलाही पाणी नव्हतं. दादांनी भांड्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, “मेहुणे, यात तुमचा दोष नाही. या शहराच्या मातीतच दम नाही.”

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी चिखलाच्या हाताने दादांचा हात धरला. दोघे त्या बाकावर जाऊन टेकले आणि सुरू झाले. या शहराचं पाणी मचूळ, इथलं मटण चामडं, इथल्या लोकांच्या जिभेला चव कशी ती नाहीच. इतक्या वर्षांत त्यांचं असं कशावरही पटलं नव्हतं. वहिनींचं माहेर याच शहरात, पलीकडच्याच गल्लीत, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

वहिनींनी पर्स खांद्याला अडकवली. “वन्सं, चपला घाला,” त्या म्हणाल्या.

काकूंनी बाकाकडे पाहिलं. भाऊ परत मिळावा म्हणून एवढा जीव टाकला, आणि तो मिळाला नवऱ्याला. त्यांनी चपला घातल्या. दोघी फाटकातून बाहेर पडल्या तरी बाकावर कुणी मान वळवली नाही.

नाक्यावरच्या हॉटेलात त्या पंख्याखाली बसल्या. वेटर फडकं मारत आला आणि उत्साहाने सांगू लागला, “आज आमच्याकडची खास—”

काकूंनी हात वर करून त्याला थांबवलं. “बाबा रे, असेल ते आण,” त्या म्हणाल्या. “फक्त ते कुठलं आहे, ते सांगू नकोस.”