लिंक चालू आहे

कातळखोल आरोग्य उपकेंद्राची इंटरनेट जोडणी तीन वर्षांत एकदाही बंद पडली नव्हती. निदान जिल्ह्याच्या डिजिटल जोडणी कक्षाच्या नोंदी तसं सांगत होत्या. उपकेंद्राच्या भिंतीवर एक पांढरी डबी होती. एका बाजूला उपकेंद्राची यंत्रं आणि दुसऱ्या बाजूला नांदगावच्या दिशेचा मनोरा, या दोघांना जोडायचं तिचं काम. म्हणून तिला ब्रिज म्हणत. तिच्यावर हिरवा दिवा होता. तो अखंड पेटलेला असे आणि त्याबद्दल कक्षाचा दोनदा सत्कारही झाला होता.

नियम सोपा होता. लिंक चालू असेल तर रुग्णाचा हृदयालेख, म्हणजे ईसीजी, तालुक्याच्या डॉक्टरांना पाठवायचा आणि त्यांनी सांगितल्यावरच रुग्णवाहिका सोडायची. लिंक बंद असेल तर परिचारिकेने स्वतःच्या जबाबदारीवर गाडी सोडायची.

एप्रिलमधल्या एका सकाळी निवृत्त शिक्षक सांतान डान्टस छातीवर हात दाबत उपकेंद्रात आले. परिचारिका संचिताने त्यांचा आलेख काढला. यंत्राने तो डबीच्या स्वाधीन केला आणि पडद्यावर लिहिलं, ‘पाठवला’.

पाऊण तास गेला. संचिताने तालुक्याला फोन लावला.

“आलेख मिळाला नाही,” तिकडून उत्तर आलं. “पण तुमच्याकडचा दिवा हिरवा आहे ना? मग येईल.”

“मास्तर, जरा कळ काढा,” संचिता म्हणाली. “लिंक आसा. रिपोर्ट येतलो.”

मास्तर घामाने भिजले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी रांग मोडली नव्हती. ते बसून राहिले. बाहेर फणसाच्या सावलीत रुग्णवाहिका उभी होती आणि तिचा ड्रायव्हर बाबली आत बसून बोलावण्याची वाट बघत होता.

दीड तासाने त्यांची मुलगी फ्लाव्हिया आली. तिने डबीकडे पाहिलं नाही, बापाकडे पाहिलं. शेजाऱ्याच्या रिक्षात घालून तिने त्यांना कणकवलीला नेलं. मास्तर वाचले, पण हृदयाचा एक कोपरा कायमचा निकामी झाला. दर रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारा माणूस आता जिन्याच्या चार पायऱ्या चढला की थांबू लागला.

फ्लाव्हियाचा व्यवसाय नेमका अशाच डब्यांचा होता. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरी बसून त्यांचे ड्रायव्हर लिहायची. हा ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअरला कामाला लावणारा प्रोग्रॅम. संचिताच्या परवानगीने तिने डबीतला प्रोग्रॅम तपासला. मनोऱ्याकडची बाजू तुटली तरी उपकेंद्राकडची बाजू “चालू आहे” असंच सांगत होती. लिंक आहे का, असं कोणीही विचारलं की ड्रायव्हर काहीही न तपासता “हो” म्हणे. त्या सकाळी मनोऱ्याची वीज गेली होती.

तिने कक्षाला सविस्तर अर्ज लिहिला. शेवटी स्पष्ट शिफारस केली: ‘सदर ड्रायव्हर चुकीची माहिती देतो. तो तातडीने बदलावा.’

कक्षाने विलक्षण तत्परता दाखवली. आठ दिवसांत चौकशी समिती आली आणि तिने बाबलीला समोर उभं केलं.

“लिंक बंद असताना तुम्ही कोणाला कळवलंत का?” कक्षप्रमुख दत्तप्रसाद मुणगेकरांनी विचारलं.

“माका काय म्हायत, सायबानू? माका कोणी बोलवल्यानच नाय. गाडी घेवन भायरच होतंय.”

‘ड्रायव्हर जागेवर असूनही त्याने माहिती दिली नाही. त्याने हे कबूल केले,’ असं समितीने लिहून घेतलं. बाबलीची वैभववाडीला बदली झाली.

फ्लाव्हिया धावत कार्यालयात गेली. “साहेब, मी माणसाबद्दल लिहिलंच नव्हतं! ड्रायव्हर म्हणजे प्रोग्रॅम!”

मुणगेकरांनी अर्ज पुन्हा वाचला. “तसं असेल तर प्रोग्रॅमही बदला. प्रायोगिक तत्त्वावर एक महिना. जबाबदारी तुमची.”

“आणि बाबली?”

“त्यांनी कबुली दिली आहे, मॅडम. कबुली रद्द करायची आमच्याकडे तरतूद नाही.”

फ्लाव्हियाने ड्रायव्हर नव्याने लिहिला. आता मनोऱ्याकडची बाजू तुटली की उपकेंद्राकडची बाजूही लगेच बंद होई आणि दिवा लाल होई. महिन्यात तो एक्केचाळीस वेळा लाल झाला. त्यांतल्या दोन वेळा संचिताने कोणाची वाट न बघता रुग्णाला रिक्षाने कणकवलीला धाडलं, कारण रुग्णवाहिकेला आता ड्रायव्हर नव्हता. दोघेही वेळेवर पोचले.

मासिक अहवालात वाचलेल्या माणसांचा रकाना नव्हता. खंडित लिंकचा होता.

“तीन वर्षांत शून्य आणि तुमच्या एका महिन्यात एक्केचाळीस,” मुणगेकर ग्रामसभेत म्हणाले. “लिंक कोणामुळे जाते हे मी वेगळं सांगायला नको.”

“ती आधीही जातच होती,” फ्लाव्हिया म्हणाली.

“तक्रार आहे का तशी एखादी?”

तक्रार नव्हती. ती ऑनलाइनच करावी लागे आणि त्यासाठी लिंक लागे.

मग सरपंच लवू घाडी उठले. लाल दिव्यामुळे गाव आदर्श डिजिटल ग्राम पुरस्काराच्या यादीतून गळलं होतं. जुना ड्रायव्हर परत बसवावा, असा ठराव त्यांनी मांडला. ज्या दोन घरची माणसं वाचली होती, त्या घरांतलेही हात वर गेले. पुरस्कारात गावाला रस्ता मिळणार होता.

फ्लाव्हियाने शेजारी पाहिलं. तिच्या वडिलांचा हातही वर होता.

“पापा, तुमी?”

“तुजा खरा आसा गो,” मास्तर हळूच म्हणाले. “पण तो दिवो लाल झालो की माज्या छातीत धडधडता. हिरवो आसलो म्हणजे बरा वाटता.”

ठराव एक मत वगळता एकमताने मंजूर झाला. हिरवा दिवा म्हणजेच ‘जोडणी’, असा अर्थ घेऊन जुना ड्रायव्हर बसवण्यात आला आणि त्याच प्रोग्रॅमच्या डब्या इतर जिल्ह्यांतही पाठवण्याचं परिपत्रक निघालं. दुसऱ्या ड्रायव्हरची, म्हणजे बाबलीची, जागा रिक्त आहे. ती भरण्याची प्रक्रिया चालू आहे.

तुमच्या जवळच्या उपकेंद्रातही एव्हाना ही डबी लागली असेल. लिंक खरोखर आहे की नाही, हे आज जाऊन विचारता येईल. पण तुम्ही जाणार नाही. सगळं सुरळीत असल्याचं तुम्हाला कळवलेलं आहे आणि तेवढ्याने तुम्हाला बरं वाटतं.