गाडीसारखं नको

शिवकुमारच्या हातात काहीही द्या, तो ते पिळायचा. चहाचा कप, बादलीची कडी, दुकानाच्या शटरची मूठ, काहीही. उजवं मनगट आपोआप मागं वळायचं, जणू तिथून वेग वाढणार आहे. एकदा ओळखीच्या गिऱ्हाइकानं हात मिळवायला पुढं केला, तर यानं तोही पिळला. गिऱ्हाईक मुकाट्यानं पैसे देऊन निघून गेलं, घासाघीस न करता.

भवानी पेठेत त्याचं टॉवेल आणि चादरींचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, मधे एक उंबरा. घरात माणसं तीन: तो, त्याची आई अक्कम्मा आणि बायको दानेश्वरी. शिवाय मागच्या बोळात त्याची मोटारसायकल उभी होती. तिच्यावर पायाकडून डोक्यापर्यंत पांढरी चादर घातलेली, त्यामुळे येणारा-जाणारा आधी दचकायचा आणि मग नमस्कार करायचा.

झालं होतं असं. दिवाळीनंतर होटगीहून परत येताना गाडी पडली. मागं दानेश्वरी बसली होती. शिवकुमारच्या कोपराला खरचटलं आणि दानेश्वरीच्या उजव्या मांडीचं हाड मोडून आत डॉक्टरांची सळई बसली. "कुत्रं आडवं आलं," असं त्यानं दवाखान्यात सांगितलं. डॉक्टरांना पटलं, पाहुण्यांना पटलं, पेठेला तर लगेच पटलं, कारण कुत्री आडवी येतातच. दानेश्वरी तेव्हा कण्हत होती म्हणून काही बोलली नाही. नंतर कण्हणं थांबलं, तरी ती काही बोलली नाही.

आता आपल्याआपल्यात सांगायचं तर कुत्रं नव्हतंच. रस्ता मोकळा होता. दानेश्वरी मागून त्याच्या शर्टाला धरून "हळू चालवा, हळू," म्हणत होती, आणि हा बहाद्दर पुढून ओरडत होता, "वाऱ्यात ऐकू येईना." मग वळण आलं. एवढीच गोष्ट, पण ती त्या दोघांनाच ठाऊक. तेव्हापासून दानेश्वरी नवऱ्याशी बोलायची ते "गोळी द्या," आणि "दिवा घालवा," एवढंच. डॉक्टरांनी घोटा हलवायचा व्यायाम दिलेला, तोही ती करायची नाही. ती कशाची वाट बघते आहे हे शिवकुमारला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तो जास्तीत जास्त वेळ दुकानात बसायचा.

अक्कम्मानं आपल्या परीनं दोन न्याय केले होते. पहिला मुलाला. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवायला लावून तिनं त्याच्याकडून शपथ घेतली, की सून वॉकर सोडून चालेपर्यंत दुचाकी चालवणार नाही. दुसरा न्याय पेठेतल्या काळ्या कुत्र्याला. त्याला ती रोज सकाळी एक भाकरी घालायची, वर्षानुवर्षं. ती बंद झाली. होटगी रोड कधी बापजन्मी न पाहिलेलं ते कुत्रं रोज दारात येऊन बसायचं, आपलं काय चुकलं याचा विचार करायचं आणि निघून जायचं. दानेश्वरी ते खिडकीतून पाहायची. एकदोनदा आपल्या ताटातली भाकरी तिनं गजांतून बाहेर टाकली, पण अक्कम्मानं ती उचलून परत आणली.

अशात शिवकुमारला बिलाच्या कॉम्प्युटरवर मोटारसायकल रेसचा गेम सापडला. बुडत्याला काडी मिळाली. पण कीबोर्डवर खेळायला बसला आणि पहिल्याच वळणावर पडला. दुसऱ्यावरही पडला. बटण दाबलं की गाडी पार जमिनीला टेकायची, सोडलं की काठीसारखी ताठ. खरी गाडी जराशी कलते, मग अजून जराशी कलते. बटणाला हे 'जराशी' कळतच नाही. पडद्यावरचा माणूस मातीत गडगडत जायचा, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मागं कुणी बसलेलं नसलं तरी शिवकुमारला दिसायचं.

मागून अक्कम्माचा आवाज आला, "शिवू, ही दुचाकीच हाय की रं."

झालं. शपथ मोडली की काय, हा प्रश्न उभा राहिला. सोमवारी घराण्याचे गुरू गुरुशांत स्वामी भिक्षेला आले तेव्हा तो त्यांच्यापुढं मांडण्यात आला. स्वामींनी आधी पाणी घेतलं. मग चहा घेतला. मग आधी बघू तरी म्हणून स्वतः खेळले आणि दोनदा पडले. शेवटी विभूती लावून त्यांनी निकाल दिला, "नुसत्या बोटानं खेळला तर त्यो खेळ. गाडीसारखं मनगट पिळलं, की गाडी चालवली म्हणायचं."

म्हणून शिवकुमार नव्या पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. दुकान अमृतचं. अमृत मूळचा जेऊरचा, आणि गिऱ्हाइकाला जे हवं ते काढून द्यायची त्याला मनापासून हौस. मोटारसायकलचा गेम म्हणताच त्यानं वरच्या फळीवरून हँडलच्या आकाराचं यंत्र काढलं.

"डिट्टो गाडी, मालक. मूठ पिळली की रेस, हितं पुढचा ब्रेक. डोळं मिटून बसा, होटगी रोडला हाय असं वाटंल."

शिवकुमार दोन पावलं मागं सरला. "गाडीसारखं नको."

अमृतला वाटलं, जागेची अडचण असेल. त्यानं मुठीत मावणारा साधा गेमपॅड काढला आणि प्रेमानं समजावून सांगितलं. खालचं बटण अर्धं दाबलं तर अर्धी रेस, पूर्ण दाबलं तर पूर्ण. दुसऱ्या बोटाला ब्रेक. अंगठ्याखाली छोटी काडी, ती जेवढी कलवाल तेवढीच गाडी कलणार. मोटारसायकलच्या गेमला हेच घ्यावं, सगळी पोरं हेच नेतात. बोलणं अगदी बरोबर होतं, आणि शिवकुमारला जे 'जराशी' हवं होतं ते त्या काडीत होतं. त्यानं पॅड दोन्ही हातांत धरला, आणि उजव्या मनगटानं दगा दिला. ते सरळ मागं वळलं.

"लई चालवलेली दिसतीया तुमी," अमृत कौतुकानं म्हणाला.

शिवकुमारनं पॅड गरम तव्यासारखा खाली टाकला. याहून कमी गाडीसारखं काही आहे का, असं विचारलं. अमृतनं आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाकडं काळजीनं पाहिलं आणि मग मोटारसायकलचा गेम खेळता तरी कशाला, असं हळूच विचारून घेतलं. शिवकुमारची नजर कोपऱ्यातल्या स्टिअरिंगवर गेली होती. मोटारीचं गोल स्टिअरिंग, खाली पायानं दाबायचे दोन पेडल. शपथ दुचाकीची होती. चारचाकीबद्दल अव्वा, म्हणजे आई, एक अक्षर बोलली नव्हती.

"ह्याच्यावर मोटारसायकल लई बेकार चालंल," अमृतनं इमानदारीत सांगितलं. "गाडी कलल्यासारखी वाटणारच न्हाय."

"तेच पायजे," शिवकुमार म्हणाला.

रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून त्यानं स्टिअरिंग काउंटरला आवळून बसवलं. अक्कम्मानं आत त्याचं ताट वाढून ठेवलं होतं, पण नवं वाहन घरात आलं म्हटल्यावर पूजा आधी. तिनं स्टिअरिंगला विभूती लावली, झेंडूचं फूल खोचलं. लिंबू चाकाखाली ठेवायचं, पण चाकच सापडेना. म्हणून तिनं वाकून ते पेडलखाली सारलं आणि चादरींच्या थप्पीला टेकून डुलकी घ्यायला बसली.

लिंबू नेमकं ब्रेकच्या खाली गेलं होतं.

शिवकुमारनं कानात इअरफोन घातले आणि रेसचा पेडल दाबला. गाडी सुटली. वळण दिसलं तसा त्यानं ब्रेक दाबला. ब्रेक दबेना. त्यानं जीव खाऊन दाबला. गाडी जाऊन कठड्याला धडकली, धक्क्यासरशी स्टिअरिंग आपण होऊन थडथडू लागलं, त्याबरोबर काउंटर, काउंटरबरोबर फळी, आणि फळीला टेकलेली चादरींची थप्पी अक्कम्मावर आली. तिला काढायला तो उठला तर इअरफोनची वायर उपटली गेली, आणि गाडी घासत जाण्याचा तो आवाज दुकानभर झाला. आत घरातही गेला.

उंबऱ्यावर वॉकर टेकल्याचा आवाज आला. दानेश्वरी उभी होती. तिनं पडद्याकडं पाहिलं, मातीत पडलेल्या माणसाकडं पाहिलं, आणि दवाखान्यातून घरी आल्यापासून पहिल्यांदा दुकानात पाऊल टाकलं.

"सरा," ती नवऱ्याला म्हणाली. आईच्या तोंडावरच्या चादरी बाजूला करून तो सरला. ती खुर्चीवर बसली आणि दुखरा पाय उचलून तिनं रेसच्या पेडलवर ठेवला. "मागं बसा."

शिवकुमार स्टूल ओढून मागं बसला. ब्रेक लागत नाही, खाली लिंबू आहे, असं त्यानं सांगायचा प्रयत्न केला. असू द्या, म्हणाली. आणि तिनं पेडल दाबला. जो घोटा डॉक्टरांनी हात जोडूनही हलला नव्हता, तो पार खालपर्यंत गेला. गाडी सुसाट निघाली. दोन्हीकडचं सगळं पुसट झालं. समोर वळण दिसू लागलं. पडदाच तो, पण शिवकुमार स्टुलावर पुढं सरकला. त्यानं तिच्या खांद्याला धरलं.

"हळू," तो म्हणाला. "अगं, हळू."

"वाऱ्यात ऐकू येईना," दानेश्वरी म्हणाली.

गाडी पडली. स्टिअरिंग थडथडलं, उरलेल्या चादरीही आल्या. त्या ढिगातून अक्कम्मानं डोकं वर काढलं. "कसं गं पडलं?"

दानेश्वरीनं पडद्यावरची नजर काढली नाही. "कुत्रं आडवं आलं."

"तितं बी?" अक्कम्मा म्हणाली. तिनं चादरीत चाचपडून चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला आणि पडद्याजवळ जाऊन पाहिलं. काळा कुळकुळीत, झाडून काढल्यासारखा रस्ता. त्यावर एक पानसुद्धा नव्हतं. तिनं सुनेकडं पाहिलं. सून नवऱ्याकडं पाहत होती.

"कुत्रं न्हवतं, अव्वा," शिवकुमार म्हणाला.

"व्हय, बघितलं की मी."

"हितलं न्हाय म्हणत. होटगी रोडला." तो आईकडं वळला. "ही हळू म्हणत हुती. मला ऐकू येत हुतं."

दानेश्वरीचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले, वाकून ब्रेकखालचं चेपलेलं लिंबू काढलं आणि काउंटरवर ठेवलं. नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावरच होता, तो तिनं झटकला नाही.

अक्कम्मा उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात शिवकुमारच्या ताटातल्या भाकरी होत्या. सगळ्या. शटर वर करून ती पायरीवर उभी राहिली आणि तिनं यू यू करून हाक मारली. काळं कुत्रं समोरच्या गटारापाशी बसलं होतं. त्यानं आधी अक्कम्माकडं पाहिलं, मग भाकरीकडं पाहिलं, आणि रस्ता आडवा न ओलांडता, पार कोपऱ्यापर्यंत वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेनं ते पायरीशी आलं.