दत्ताराम आणि सोळा फुटांचा डबा

दत्ताराम माझ्या घरी पहिल्यांदा आला, तेव्हा त्याने आधी माझा दरवाजा मोजला आणि मग मला नमस्कार केला.

आम्ही त्याला बोलावलं होतं बाल्कनीची जाळी बसवायला. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर एक काटकुळा माणूस. कमरेला टेप, कानावर पेन्सिल. माझ्याकडे न बघता चौकटीला टेप लावून म्हणतो, "काकी, चौकट वर अर्धो इंच फाकली हा."

मी म्हटलं, "अरे बाबा, जाळी बाल्कनीला बसवायचीय!"

"ता माका म्हायत आसा. पण दिसला म्हणान सांगितलंय."

माझं माहेर कणकवलीकडचं. कुवेतमधल्या फिंतासच्या सातव्या मजल्यावर, समुद्राकडे तोंड करून उभी असताना ही बोली कानावर पडली आणि मी त्याला आत बसवून चहाच दिला. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी तो माझ्याकडे जेवतो. जेवायच्या आधी काही ना काही मोजतो. माझी पोळी मोजली, साडेसात इंच. झुबैदी मोजली (आपलं पापलेट हो, इथे त्याला झुबैदी म्हणतात). आमचे हे पेपर वाचत बसले होते, तर त्यांच्या खांद्यापासून खुर्चीपर्यंत टेप लावून म्हणाला, "काका, तुमी डाव्या बाजूक कलंडतास." एकदा तर माझी नात आतून ओरडत आली, "आजी, ही इज मेझरिंग द कॅट!" खरंच मोजत होता. मांजराला बॉक्स करून द्यायचा होता म्हणे. आम्ही मागितला नव्हता.

कुणी काही शंका काढली की त्याचं एकच वाक्य असतं: "टेप खोटा बोलणा नाय."

आता इक्बालबद्दल सांगायला हवं, कारण दत्ताराम म्हटला की इक्बाल आलाच. हा दाभोळकडचा. सहा फुटांच्या वर उंच, हसरा, मोठ्या आवाजाचा. दोघांचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा इथला मालक, एकच, अबू नासर. दत्ताराम त्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो, इक्बाल त्याच्या गाड्या चालवतो. जलीबच्या कामगार वस्तीत चौघं एका खोलीत राहतात आणि भिंतीकडच्या दोन खाटा या दोघांच्या. खाटांमध्ये अंतर किती? सव्वा फूट. दत्तारामने मोजलंय.

आणि हे दोघे दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

झालं काय, दत्तारामने कफिलाच्या घरासाठी एक गेट बनवलं. नुकता रंग दिलेला. इक्बालने गाडी मागे घेताना त्यावर घातली. तेवढ्यावर भागलं असतं. पण इक्बाल म्हणाला, "गेटच वाकडा होता." आता हे ज्याच्या कमरेला टेप आहे त्याला म्हणायचं! दत्तारामने त्या दिवसापासून तोंड मिटलं. तरी शुक्रवारी दोघे एकाच बसने येतात, माझ्या टेबलाच्या दोन टोकांना बसतात आणि मधे मी टेलिफोन.

"काकी, तेका सांगा, मीठ हडे सरकव."

"काकी, त्याला सांगा, मीठ त्याच्याच बाजूला हाय."

आणि मी वेडी खरंच सांगते.

तर आता मुख्य गोष्ट. अबू नासरला नाद बर्फावर गाडी पळवायचा. हसू नका. कुवेतमध्ये उन्हाळ्यात नळाला गरम पाणी येतं, पण याच्याकडे बर्फावर चालणाऱ्या दोन स्नोमोबाइल आहेत. पुढे चाकांऐवजी पट्ट्या, मागे रबराचा पट्टा. हिवाळ्यात त्या पार तुर्कस्तानच्या डोंगरात जातात. कफील जातो विमानाने. इक्बाल जातो पिकअपच्या मागे ट्रेलर जोडून, एकटा. जाताना तीन-चार दिवस, येताना तेवढेच.

गेल्या वर्षी ट्रेलर उघडा होता, वरून ताडपत्री. मशिनींत वाळू शिरली आणि एकीची काच फुटली. इक्बाल आला तो लंगडत. रात्री पिकअपच्या सीटवर बसून झोपायचं, त्यामुळे पाय हे असे सुजलेले. माझ्या टेबलाशी बसताना त्याला खुर्ची धरावी लागली. दत्ताराम भाताकडे बघत म्हणाला, "काकी, तेका विचारा, बर्फातसून इलो की हत्तीचे पाय घेवन इलो?"

"असं बोलू नये रे," मी म्हटलं. त्या दिवशी दत्तारामने काहीच मोजलं नाही. तेव्हा माझ्या हे लक्षात आलं नाही.

या वर्षी अबू नासरने ठरवलं, बंद ट्रेलर घ्यायचा. चारी बाजूंनी पेटीसारखा. आणि तो निवडायचं काम दिलं दत्तारामला.

झालं! त्याच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. माझ्या टेबलावर कागद पसरून दर शुक्रवारी नवं चित्र. इक्बालला हवा होता बारा फुटी. "काकी, त्याला सांगा, दोन मशिनी बाजूबाजूला राहतात, बारा पुरे हाय. सोळा फुटाचा डबा मागे घेताना माझा जीव जातो."

"तेका सांगा, तो गेटात गाडी घालता, तेचो जीव जावकच व्हयो."

"काकी, त्याला विचारा, वरचे चार फूट कशाला? क्रिकेट खेळायला?"

"तेका सांगा, टेप खोटा बोलणा नाय."

शेवटी निवडायचा दिवस आला. आमची गाडी त्याच बाजूच्या गॅरेजमध्ये होती, म्हणून मीही ट्रेलरवाल्याच्या आवारात चहाचा कप घेऊन बसले. अबू नासर पांढऱ्या दिशदाशात, म्हणजे पायघोळ झग्यात, हातात तस्बीहची माळ. त्याला काळा, चकचकीत बारा फुटी आवडला होता.

दत्ताराम म्हणाला, "बाबा, काला बॉक्स, जून में अंदर खुबूस बनेगा." खुबूस म्हणजे इथली भट्टीतली रोटी. अबू नासर हसला. पांढरा ठरला.

मग दत्ताराम त्या सोळा फुटीकडे गेला. मागचं उताराचं दार उघडून त्यावर उड्या मारल्या. जमिनीवर झोपून चाकांचा आस बघितला. आतल्या कड्या ओढून बघितल्या. छताला हवेची झडप पाहिजेच म्हणाला, पेट्रोलचा वास कोंडतो. भिंतींना थर्माकोल लावायचा म्हणाला. इथवर ठीक. मग म्हणाला, पुढच्या बाजूला एक छोटं दार पण पाहिजे.

"शिनो हाज़ा?" अबू नासर म्हणाला. "ये क्या? स्नोमोबाइल छोटा दरवाज़ा से जाएगा?"

"नहीं जाएगा, बाबा."

"फिर?"

"माकू मुश्कील, कुछ प्रॉब्लेम नहीं. दरवाज़ा होना."

मग हा गृहस्थ आत गेला आणि आतून दार लावून घेतलं. पाच मिनिटं झाली, सात झाली. बाहेर आम्ही सगळे त्या पांढऱ्या पेटीकडे बघत उभे. बाहेर आला तो घामाने भिजून, पाठीला धूळ, आणि चेहरा असा खूश की जणू काश्मीरहून आलाय.

अबू नासरच्या कपाळाला आठी पडली. तो म्हणाला, मोठा डबा म्हणजे जास्त वजन, जास्त पेट्रोल. रस्त्यात काही अडलं तर जबाबदार कोण?

दत्तारामने कानावरची पेन्सिल काढून हातात धरली. "मैं. गड़बड़ हुआ तो बाबा, मेरा टिकट काटो. मैं गाँव जाएगा."

मला चहा कडू लागला. एकोणीस वर्षं झालीत त्याला इथे. गावचं घर याच नोकरीवर उभं आहे. चार फुटांसाठी कुणी असं पणाला लावतं का? मी हळूच म्हटलं, "दत्ताराम, घे ना बारा फुटी. काय अडलंय?"

"काकी," तो म्हणाला, "तुमी चहा पिया."

अबू नासरने तस्बीहचे दोन मणी पुढे सरकवले. मग म्हणाला, "ज़ैन." झालं, घेतला सोळा फुटी.

पुढचे पंधरा दिवस दत्ताराम त्या डब्यात काहीतरी ठोकत होता. इक्बालला आत येऊ देत नव्हता. मग इक्बाल डबा घेऊन गेला आणि पहिल्याच शुक्रवारी दत्ताराम एकटाच जेवायला आला.

बसला आपल्याच टोकाला. समोरचं टोक रिकामं. मीठ हातापाशी होतं, तरी घेतलं नाही. अर्ध्या जेवणात म्हणाला, "काकी, तेका फोन करून विचारा, डबो कसो चल्ता."

मला वाटलं, नोकरीची काळजी. मीही धास्तावलेच होते. फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काकी!" इक्बालचा आवाज अख्ख्या घरात घुमला. "डबा मख्खन हाय! घाटात पण हलला नाय. मशिनीला वाळूचा कण नाय. बाबा खूश!"

मी सुटकेचा निःश्वास टाकला. दत्ताराम मात्र तसाच बसलेला. बोटाने मला खूण केली, पुढे विचारा.

"आणि तू कसा आहेस रे? पाय सुजले का?"

इक्बालचा आवाज खाली आला.

"नाय काकी. ते छोटं दार हाय ना, त्यातून आत गेलो. मधे फळ्यांची भिंत घातलीय, मशिनी पलीकडे. अलीकडे आडवी खाट हाय. गादी हाय. खाटेवर पेन्सिलने लिवलंय, 'डोकं इकडे, झडपेखाली. पाय तिकडे.' काकी, मी कुशीवर झोपतो, गुडघे दुमडून. खाट तेवढीच रुंद हाय. बोटभर जास्त नाय, बोटभर कमी नाय."

मी दत्तारामकडे बघितलं. तो पापलेटातला काटा शोधत होता. त्याच्या ताटातलं पापलेट केव्हाच संपलं होतं.

"काकी, त्याला सांगा..." इक्बाल म्हणाला.

"काय सांगू?"

"सांगा, गेट वाकडा नव्हता."

मी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, स्पीकर चालू होता. दत्ताराम उठला, पाठ फिरवून हात धुतले, बराच वेळ धुतले. मग कमरेचा टेप काढून माझं जेवणाचं टेबल मोजायला लागला, या टोकापासून त्या रिकाम्या टोकापर्यंत.

"अरे, हे तू चारदा मोजलंयस," मी म्हटलं.

"होय काकी," तो म्हणाला, "पण आज मोठा दिसता."