मास्तर गाडीबरोबर गेले

दुपारच्या गाडीत आजीबाई चढल्या, पण त्यांची पेटी काही चढेना. समुद्राकाठच्या त्या एवढ्याशा स्टेशनात हमाल नव्हता. तिकिटं देण्यापासून फलाट झाडण्यापर्यंत सगळं स्टेशनमास्तरच करत, त्यात स्वभाव भिडस्त. त्यांनी हिरवा बावटा बगलेत मारला, पेटी उचलली आणि डब्यात शिरले.

"बाकाखाली सरकवा हो मास्तर," आजीबाई म्हणाल्या. "नाहीतर पायात येते."

मास्तर वाकले, तसा बगलेतला बावटा मागच्या खिडकीतून बाहेर आला. वारा होताच. बावटा असा काही ऐटीत फडफडला, की शेवटच्या डब्यातल्या गार्डने खुशाल शिट्टी फुंकली. मास्तर कंबर धरून सरळ होतात तो त्यांच्याच स्टेशनची पाटी मागे सरकत होती.

"अहो, थांबवा! मी इथला मास्तर आहे!"

"मग सोडलीत कशाला गाडी?" समोरची मासळीवाली म्हणाली.

साखळी ओढावी, तर ओढणाऱ्याचं नाव थेट वरच्या कचेरीत जाणार. मास्तर खिडकीशी बसले. थोड्या वेळाने खाडीवरचा पूल आला. आयुष्यभर त्यांनी गाड्या सोडल्या होत्या, पण सुटल्यावर त्या कशातून जातात हे कधी पाहिलं नव्हतं. खाली पाणी, पुढे पाणी. डबा जणू उजेडावरूनच तरंगत चालला होता. आजीबाई पेंगू लागल्या. नोकरी, सिग्नल, घरी वाट बघणारी बायको, सगळं कुठल्या कुठे राहिलं.

पुढच्या स्टेशनवर ते भानावर आले आणि परतीच्या गाडीत बसले. समोर एक गंभीर गृहस्थ होते. बोलता बोलता कळलं, की हे वरच्या कचेरीतले साहेब आणि निघालेत ते मास्तरांचंच स्टेशन तपासायला! मास्तरांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्यावर बसले.

स्टेशनच्या अलीकडे, अगदी वाळूला लागून, गाडी उभी राहिली. ड्रायव्हर भोंग्यावर भोंगे देऊ लागला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"सिग्नल पडला नाही," मास्तर म्हणाले.

"का?"

"पाडणारा जागेवर नाही."

"मग गेला कुठे?"

मास्तर टोपीवरून उठले. "तुमच्या समोर आहे, साहेब."

साहेबांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत मास्तर खाली उतरून रुळांच्या कडेने धावत सुटले. फलाटावर बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कुठे होतात?"

"पुढच्या स्टेशनवर."

"सांगून जायला काय झालं होतं?"

मास्तरांनी दांडा ओढला. सिग्नल पडला, पण गाडी हलेना. धापा टाकत ते परत गेले, तर डबे रिकामे! सगळे प्रवासी समुद्रात उतरले होते. गार्ड लाटांशी खेळत होता. ड्रायव्हर इंजिनाच्या सावलीत पाय पसरून डोळे मिटून पडला होता. ऊन मऊ झालं होतं आणि कुणालाही कुठेच पोचायचं नव्हतं. साहेब विजार दुमडून घोटाभर पाण्यात उभे होते.

मास्तर वाळूतून धावत त्यांच्यापाशी गेले. "साहेब, चूक झाली. नोकरी तेवढी..."

साहेबांनी हातानेच त्यांना गप्प केलं. एक लाट आली, पाय भिजवून परत गेली.

"मास्तर," साहेब स्वप्नात असल्यासारखे म्हणाले, "तुम्हाला मोठं स्टेशन दिलं तर? इथे मीच येऊन बसेन म्हणतो."

"इथे डास फार आहेत, साहेब," मास्तर घाईघाईने म्हणाले. "आणि ही हवा... छे! कुणाला म्हणून मानवत नाही."

साहेबांनी विजार आणखी एक घडी वर दुमडली.