पोलादपूरच्या संगणकाचा ताप

मानवजातीच्या प्रगतीतला एक मोठा टप्पा असा की माणसाने यंत्रांनाही आजारी पडण्याचा अधिकार दिला. संगणकाचे सगळे अवयव ज्या पाटीवर बसवलेले असतात, त्या मदरबोर्डवर नखाएवढी एक चिप असते. यंत्र किती तापलं, पंखा किती फिरतो, विजेचा दाब किती, यावर नजर ठेवणं एवढंच तिचं काम. तिचं म्हणणं संगणकाला समजावून सांगायला एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. (या ड्रायव्हरला वाहन परवाना लागत नाही, हे आमच्या कार्यालयाला पत्रव्यवहाराच्या चौथ्या फेरीत मान्य झालं.)

आमचं कार्यालय म्हणजे पोलादपूरच्या बाजारपेठेतलं दाखला केंद्र. केंद्रप्रमुख सुहास सर, एकुलत्या एका संगणकावर बसणारी वैशाली आणि आवक-जावक पाहणारा मी, असा तिघांचा कारभार. जुलैत वरून परिपत्रक आलं: प्रत्येक संगणकाचं तापमान दिवसातून तीनदा नोंदवावं. वैशालीने पहिले पंधरा दिवस यंत्राच्या पेटीवर तळहात ठेवून 'कोमट' असं लिहिलं. सोळाव्या दिवशी वरून शेरा आला: "कोमट हे एकक नाही."

म्हणून महाडहून दीपेशला बोलावलं. हा मुंबईत चार वर्षं संगणक दुरुस्त करून आलेला, त्यामुळे त्याचं मराठी मधूनमधून रीस्टार्ट होतं. त्याने पेटी उघडून चिपवरचा नंबर वाचला. त्या नंबरचा ड्रायव्हर मिळेना. शेवटचा आकडा वेगळा असलेल्या दुसऱ्या चिपचा मिळाला. आडनाव एकच आहे म्हणजे घरचाच असणार, अशा विश्वासाने दीपेशने तो बसवला.

पडद्यावर आकडे आले. विजेचा दाब ठीक. पंखा शून्य. (तो डोळ्यांसमोर गरगर फिरत होता, पण तो त्याचा खाजगी प्रश्न.) तापमान १२७ अंश.

"सर, टेन्शन नका घेऊ," दीपेश म्हणाला. "चिपच्या ज्या पायावरून हा रीडिंग घेतोय ना, तिथे सेन्सरच लावलेला नाय. आकडा खोटा हाय. इग्नोर करा." आणि तो मोटरसायकलवरून महाडला निघून गेला.

सुहास सरांनी परिपत्रक दोनदा वाचलं. त्यात 'इग्नोर' असा रकाना नव्हता. नियम सात मात्र स्पष्ट होता: तापमान ८५ अंशांच्या वर गेल्यास यंत्र तात्काळ बंद करावं, आणि ते ६० च्या खाली आल्याची नोंद झाल्याशिवाय कोणत्याही कर्मचाऱ्याने ते सुरू करू नये. सर नियमाला देव मानणारे. अकरा वाजून दहा मिनिटांनी यंत्र बंद झालं, भोवती दोरी बांधली गेली आणि वाळूच्या दोन बादल्या आल्या.

"सर, यंत्र सुरू झाल्याशिवाय तापमान दिसणार कसं?" वैशालीने विचारलं.

"तापमान दिसल्याशिवाय यंत्र सुरू करणार कसं?" सरांनी विचारलं.

दोन्ही प्रश्न बिनतोड होते, त्यामुळे चर्चा समाधानकारकरीत्या संपली. उपाययोजना म्हणून टेबलफॅन लावला, पेटीखाली ओलं गोणपाट अंथरलं. मग सरांना सुचलं की महाबळेश्वर इथून चाळीस किलोमीटरवर, तिथे यंत्राला दोन दिवस हवापालट करून आणावा. त्यांनी गाडीसाठी फोन लावला. आंबेनळी घाटात दरड आल्याचं कळलं. सर खरोखर हळहळले. घरच्या माणसाची सहल रद्द झाल्यावर हळहळावं, तसे.

अडीच वाजता ठकूबाई आल्या. डोंगरावरच्या वाडीतून सकाळी निघालेल्या, निम्मी वाट पायी, पुढे माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये. नात ज्योतीला महाडच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळत होती. फक्त रहिवासी दाखला पाच वाजेपर्यंत पोचायला हवा होता. वाडीतून नर्सिंगला जाणारी ती पहिलीच पोर. ती तिकडे कॉलेजच्या पायरीवर मोबाईल हातात धरून बसली होती. दाखल्याची सगळी कागदपत्रं मंजूर होती. छापायचा तेवढा बाकी.

"आजी, आज यंत्र तापलंय," सर म्हणाले. "उद्या या."

"उद्या जागा दुसरीला जाईल ना, सायब."

"माझा नाइलाज आहे. एकशे सत्तावीस अंश म्हणजे काय, कल्पना आहे? पाणी उकळतं शंभराला."

ठकूबाईंनी ऐकून घेतलं, दोरी उचलली, खालून वाकून आत गेल्या आणि पेटीवर हात ठेवला. मग मागून-पुढून चाचपत राहिल्या.

"ह्याचा कान कुठं हाय गो?" त्यांनी वैशालीला विचारलं. "म्हशीला ताप हाय का नाय ते कानाला हात लावला की कळतं."

"याला कान नसतो, आजी."

"मंग थंडगार हाय हे. विहिरीतल्या दगडासारखं."

"आजी, बाहेर या!" सर ओरडले. "तुमचा हात प्रमाणित आहे का? कुठल्या प्रयोगशाळेने तपासलाय?"

ठकूबाईंनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. चाळीस वर्षं या हाताने गुरं, पोरं आणि चुली तपासल्या होत्या. पण प्रमाणपत्र कुणी दिलं नव्हतं, आणि मागायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दोरीच्या आतच जमिनीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. तेवढ्यात त्यांचा साधा फोन वाजला. "आजी, झालं का गो?" एवढं ज्योतीचं वाक्य आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. ठकूबाई म्हणाल्या, "व्हतंय, बाय." खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी लगेच फोन बंद केला.

वैशालीने परिपत्रक हातात घेतलं आणि नियम सात मोठ्याने वाचला. "'कोणत्याही कर्मचाऱ्याने'," ती थांबली. "सर, आजी आपल्या कर्मचारी नाहीत."

सर विचारात पडले. मी हजेरीपट पाहिला. खरोखरच ठकूबाईंचं नाव त्यात नव्हतं.

"आजी, ती गोल कळ दाबा," वैशाली म्हणाली.

ठकूबाईंनी देव्हाऱ्यापुढे डोकं टेकवावं तसं बोट टेकवलं. यंत्र सुरू झालं, १२७ अंश पुन्हा झळकले, सर वाळूच्या बादलीकडे धावले. वैशालीने दीपेशला फोन लावून त्याच्या सांगण्याप्रमाणे एक ओळ टाईप केली आणि ड्रायव्हर काढून टाकला. आकडे गेले. आता यंत्राला ताप आहे की नाही, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे नियमानुसार तो नव्हता. सरांच्या चेहऱ्यावर शांती पसरली. वैशालीने नोंदवहीत लिहिलं: निरंक.

चार चाळीसला दाखला निघाला, वैशालीने त्याचा फोटो ज्योतीला पाठवला, आणि पाचच्या आत प्रवेश झाला. बातमी फोनवर आली तेव्हा ठकूबाई उठल्या. त्यांनी वैशालीच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली आणि जीप चुकेल म्हणून लगबगीने निघाल्या. सुहास सरांनाही आनंद झाला. तो त्यांनी नोंदवहीत दाखवला नाही.

पुढच्या महिन्यात वरून पत्र आलं. सलग चार आठवडे तापमान निरंक ठेवणारं राज्यातलं एकमेव केंद्र म्हणून आमचं अभिनंदन करण्यात आलं होतं. हे कसं साधलं, ते समजून घ्यायला तीन केंद्रांचे प्रमुख अभ्यासदौऱ्यावर येऊनही गेले.

वाचकहो, आपण हसलात. हसणं साहजिक आहे. आपण सुशिक्षित आहात, आपल्याला असलं काही होत नाही. आज सकाळी डोळे उघडल्यावर आपल्याला छान ताजंतवानं वाटत होतं. मग मनगटावरच्या घड्याळाने झोपेला शंभरपैकी एकेचाळीस गुण दिले, आणि तेव्हापासून आपलं अंग दुखतंय. विश्रांती घ्या. किती घ्यायची, ते घड्याळ सांगेलच.